साट्यालोट्याचं सूत्र

"अगं, दोनाला दोन आले की छाटायचे. कितीदा सांगू?" मी अक्कम्माच्या पाटीवर बोट आपटलं. तिने कॅल्शियम ऑक्साइडचं सूत्र Ca₂O₂ असं लिहिलं होतं. दोन्ही दोन काढले की उरतं CaO, एवढंच तर होतं.

"पण बाई, दोन दिलं, दोन घेतलं. मग लिवायचं का न्हाय?"

शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी जीभ जास्तच तिखट झालीय म्हणतात. या बाईपुढे मात्र माझं काही चालत नसे. अक्कम्मा आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीची मदतनीस. सेविकेची जागा रिकामी होणार होती, त्याला दहावी हवी, आणि हिचं विज्ञान दरवेळी राहायचं. वय निघून चाललं होतं, म्हणजे ही शेवटचीच संधी.

धनभार-ऋणभार तिच्या गळी उतरेनात, म्हणून मी तिरपे बाण काढून दाखवले. अ‍ॅल्युमिनियमचे तीन ऑक्सिजनच्या पायाशी, ऑक्सिजनचे दोन अ‍ॅल्युमिनियमच्या. ती लगेच म्हणाली, हे तर साटंलोटंच की.

तिला कळणारच. तिच्या भावाला, मल्लप्पाला, मंगळवेढ्याची मुलगी केली आणि त्या मुलीच्या भावाला ही दिली. पुढे मल्लप्पाने बायकोला हाकललं. आपली पोर परत आली म्हणून तिकडच्यांनी हिलाही एसटीत बसवून दिलं. हिचा गुन्हा काय, तर काही नाही. लेक भुवनेश्वरी मात्र ठेवून घेतली. मागायला गेली की विचारायचे, काय खायला घालशील तिला? मेले, माणसं की कोण! सेविका झाले की तुला आणते, असं ही लेकीला फोनवर सांगायची. लेक तिकडे दप्तर भरून बसलेली.

परीक्षेपर्यंत मी छाटणी घोटून घेतली. निकाल लागला. विज्ञान थोडक्यात गेलं. पेपरात काय केलंस, म्हणून विचारलं.

"दोनाला दोन आलं की हात तितंच थांबला, बाई. छाटायचं ध्यानातच आलं न्हाय."

मला फार राग आला होता. पण तिच्याकडे बघून ओरडता येईना.

जागेवर श्रीदेवी नावाची नवी सेविका आली, भुवनेश्वरीची मोठी बहीण शोभेल अशी. अक्कम्माने तिला खुर्ची पुसून दिली, पोरांना खिचडी वाढली, पातेलं घासलं. मग अंगणवाडीच्या पायरीवर बसून मंगळवेढ्याला फोन लावला. मी शेजारीच होते. पलीकडून पोर कधी येतेस म्हणून विचारत असावी.

"न्हाय जमलं, बाळा. तितंच ऱ्हा," अक्कम्मा म्हणाली. मग पोरीच्या आत्याची चौकशी केली. आत्या म्हणजे मल्लप्पाने हाकललेली तीच. ती आता त्याच घरात असते, भुवनेश्वरीची वेणीफणी तीच करते.

"आत्याला जप," अक्कम्मा म्हणाली. "तिलाबी तुज्याबिगर कोन हाय?"