दोना जुरेमाचा राजीनामा

देवाचा कंटाळा आला, हे कबूल करायला दोना जुरेमाला दीड वर्ष लागलं, आणि कबूल केल्यावर मात्र ती राजीनामा देऊन मोकळी व्हायला निघाली.

पेद्रा मान्सा गावात, जिथे मानाने बाईला दोना आणि पुरुषाला सेऊ म्हणतात, माता मरियेची एक लाकडी पेटी घरोघर फिरते. उंची वीतभर, दोन झडपा, आत बाळाला घेतलेली माता. यादीत तीस घरं. प्रत्येक घरी माता एक दिवस राहते, घरची माणसं प्रार्थना म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या दारी पोचवतात. तिसावं घर झालं की पेटी दोना जुरेमाकडे येते. ती पुसायची, बिजागरीला तेल घालायचं, कुणी चुकारपणा केला असेल तर त्याची हजेरी घ्यायची आणि पेटी पुन्हा रवाना करायची, हे तिचं काम. तेवीस वर्षं तिने ते इतकं चोख केलं होतं की लोक मातेपेक्षा तिलाच जास्त भ्यायचे.

आणि आता तिच्या आत काही उरलं नव्हतं. झालं काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत होती. नवरा धडधाकट होता, गुडघे पूर्वीइतकेच दुखत होते. पण जपमाळ हातात घेतली की तोंड आपलं चालू राहायचं आणि मन चुलीवरच्या घेवड्यात. तिने उपास केले. नऊ दिवसांची प्रार्थना दोनदा केली. चाळीस दिवस कॉफी सोडली, त्यातून भक्ती वाढली नाहीच, नवरा मात्र भावाकडे राहायला गेला.

"फादर, मी सोडतेय," तिने फादर एवाल्दुला सांगितलं. "आत कोणी नाही. रिकाम्या घराची बेल किती वर्षं वाजवायची?"

फादर एवाल्दु तिच्या मुलाच्या वयाचा. तिला समजवायची त्याची छाती नव्हती. तो म्हणाला, "दोना जुरेमा, मग रविवारी मिस्सानंतर पेटी वेदीवर आणून ठेवा. मी आशीर्वाद देतो, तुम्ही मोकळ्या."

म्हणजे मोकळं व्हायला पेटी हवी. आणि ठरल्या दिवशी पेटी आलीच नाही.

शनिवारी सकाळी दोना जुरेमा छत्री काखोटीला मारून निघाली. यादीतल्या शेवटच्या घरापासून उलटी सुरुवात केली. तिसाव्या घरी पेटी आली नव्हती. एकोणतिसाव्या घरीही नव्हती. अठ्ठाविसाव्या घरच्या बाईने "या महिन्यात मातेला सुट्टी असेल असं वाटलं" म्हणून सांगितलं. दुपारपर्यंत सतरा घरं झाली. सतराच्या सतरा घरांत पेटी आली नव्हती आणि एकानेही तोंड उघडलं नव्हतं. चौदाव्या घरची दोना नेउझा तर उजळ माथ्याने म्हणाली, "खरं सांगू? बरं वाटलं हो. आमची मालिका लागते त्याच वेळेला."

"शाबास! मातेनेच तुमच्या मालिकेची वेळ चुकवायला हवी होती," दोना जुरेमा कडाडली. स्वतः राजीनामा द्यायला निघालेल्या बाईला इतकं चिडायचं काय कारण होतं, हे तिला कुणी विचारलं नाही. विचारायची हिंमत कुणाची?

तेरावं घर आता फेरीत नव्हतं. बाराव्या घरी दोना इवोनी तिला पाहताच रडायला लागली.

"मी पुढे दिली हो. तेराव्या घरी, नेहमीसारखी. क्लेउझाच्या दारात."

"क्लेउझा? अगं, तिला जाऊन तीन महिने झाले! तिच्या दफनाला तू माझ्याच शेजारी उभी होतीस."

"मागच्या फेऱ्यांना आठवणीने टाळलं, या वेळी पायच गेले हो तिकडे! एकोणीस वर्षांची सवय. बेल वाजवली, पेटी ठेवली आणि पळाले, चुलीवर दूध होतं. घरी आल्यावर लक्षात आलं. मग परत मागायला जायचं कुठल्या तोंडाने? सेऊ तोर्क्वातु कसा आहे, तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतंच. क्लेउझाचा नवरा तोर्क्वातु निवृत्त बस ड्रायव्हर. चाळीस वर्षं तो बायकोला चर्चच्या दारापर्यंत सोडायचा आणि इंजिन चालू ठेवून बाहेर बसायचा. आत आला तो एकदाच, तिच्या शवपेटीमागून. दोना जुरेमाच्या यादीत मात्र क्लेउझाचं नाव अजून तसंच होतं. खोडायला हात धजला नव्हता.

दार सेऊ तोर्क्वातुने स्वतःच उघडलं आणि चौकटीत आडवा उभा राहिला.

"पेटी न्यायला आलात ना? मिळायची नाही."

"का म्हणून?"

"संपलं नाही अजून."

दोना जुरेमाने छत्रीने त्याला बाजूला सारलं आणि आत गेली. टीव्हीवर पेटी उघडी ठेवलेली. समोर वेताची खुर्ची ओढलेली. पेटीपुढे कॉफीचा कप.

"हे काय?"

"पाहुणी आहे घरात. उपाशी ठेवू?" सेऊ तोर्क्वातु गुरगुरला. "क्लेउझा सांगायची, प्रार्थना पुरी झाल्याशिवाय मातेला घराबाहेर काढायचं नाही. आणि मला ती पुरी येत नाही. रोज बसतो. 'आमच्या स्वर्गातल्या बापा'पासून निघतो, 'रोजची भाकरी दे'पर्यंत व्यवस्थित येतो, तिथे गाडी बंद. अठरा दिवस झाले."

"अठरा दिवसांत कुणाला विचारता आलं नाही?"

"कुणाला विचारू? चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो की ही बायकांची बडबड आहे." त्याने मान खाली घातली. "मधल्या वेळात मग असंच बोलतो या मातेशी. पहिले तीन दिवस नुसता भांडलो."

दोना जुरेमा खुर्चीत बसली. गुडघे बोलत होते. "सेऊ तोर्क्वातु, पेटी द्या. उद्या ती मला वेदीवर ठेवायची आहे. मी काम सोडतेय. माझ्याच्याने आता होत नाही. शब्द म्हणते, आत काही हलत नाही."

"म्हणजे तुम्हाला अख्खी पाठ आहे?"

"झोपेतसुद्धा म्हणेन."

"आणि तुम्ही सोडताय!" तो तिच्याकडे असा बघत राहिला, जणू कुणी पुराच्या पाण्यात चालती बस सोडून उतरलंय. मग कॉफीचा कप उचलून तिच्या हातात दिला. "ही प्या, ती काही पीत नाही. आणि भाकरीच्या पुढचं सांगा मला. मग न्या पेटी."

पुढचं म्हणजे क्षमेचं. दोना जुरेमाने एका दमात म्हणून टाकलं.

"हळू! मी मागून म्हणतोय."

तिने पुन्हा म्हटलं. आमच्या अपराधांची क्षमा कर, एवढं सेऊ तोर्क्वातुने मागून म्हटलं आणि तो थांबला. ती पुढची ओळ घेऊन तयार होती, पण त्याने हात वर केला.

"थांबा जरा." तो पेटीकडे बघत होता. "क्लेउझा म्हणत होती, छातीत दुखतंय, दवाखान्यात ने. मी म्हटलं, सामना संपू दे. दुसरा हाफ सुरू झाला होता." त्याने नाक पुसलं. "इथे गाडी का अडते ते मला माहीत आहे, दोना जुरेमा. विसरलोबिसरलो नाही मी."

तेवीस वर्षं दोना जुरेमा त्या ओळीवरून धडधडत पुढे जात आली होती. आज पहिल्यांदा तिथे अडकून बसली. आत काही उजळलं नाही, अंगावर शहारा आला नाही, कोरडं होतं ते कोरडंच राहिलं. पण या माणसाला क्षमा मिळावी असं तिला फार मनापासून वाटलं. आणि ती मागायची तर मागायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणून तिने मागितली. त्याच कोरड्या तोंडाने, त्याच झिजलेल्या शब्दांत, सेऊ तोर्क्वातुसाठी.

मग दोघांनी मिळून प्रार्थना शेवटपर्यंत नेली. पुढे दोनदा चुकली, कारण आता दोना जुरेमालाच शब्द आठवेनात.

सेऊ तोर्क्वातुने पेटीच्या झडपा स्वतः लावल्या आणि ती दारापर्यंत आणून दिली.

"परत कधी येईल?"

"तीस दिवसांनी."

"यादीत नाव क्लेउझाचं आहे. आता चूक सापडली म्हणून मला गाळतील."

"कोण गाळतंय बघते. मी स्वतः आणून ठेवीन."

रस्त्यावर दहा पावलं गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोलून बसलो. डावीकडे चर्चचा चढ होता. ती क्षणभर उभी राहिली, मनातल्या मनात सेऊ तोर्क्वातुला, फादरला आणि थोडं देवालाही बोलून घेतलं, आणि उजवीकडे वळून चौदाव्या घराची बेल दाबली.

दोना नेउझा पिठाचे हात पुसत आली, पेटी बघून तिचा चेहरा पडला. "अय्या! तुम्ही तर हे सोडणार होतात ना? फादर म्हणत होते."

"सोडणारच आहे," दोना जुरेमा म्हणाली आणि पेटी तिच्या पिठाळ हातांत ठेवली. "पण पुढच्या महिन्यात जमायचं नाही. एका माणसाला शब्द दिलाय. टीव्ही बंद कर आणि बस, आज मी पण तुझ्याबरोबर म्हणते."