बाळकृष्णाचं मोरपीस

स्वानंदला मोसमातला सतरावा ट्राउट मासा लागला आणि माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू, नुसता जळफळाट झाला.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार होता. दोन दिवसांनी जपानमधल्या यामानाशीतल्या या नदीवर मासेमारी बंद होणार, ती थेट मार्चपर्यंत. अख्ख्या मोसमात मला एकही मासा लागला नव्हता. आज एक तरी हवा होता.

आम्ही दोघं एकाच ऑफिसातले. मी टोक्योजवळच्या ग्योतोकुला राहतो, तो शेजारच्या उरायासुला. एप्रिलमध्ये ऑफिसातल्याच जपानी मोरी-सानांनी आम्हाला हे वेड लावलं. मासा पकडायचा आणि लगेच सोडून द्यायचा, म्हणून आम्हा शाकाहाऱ्यांना पापही नाही. "डोकं शांत होतं, बीपी उतरतं," मोरी-सान म्हणाले होते. स्वानंदचं उतरलं. माझं त्याच्याकडे बघून चढलं.

माझ्याकडे काय नव्हतं? हलका कार्बनचा रॉड, चकचकीत रीळ, छातीपर्यंत येणारी रबरी विजार. दुकानातल्या डबीभर उंची माश्या, म्हणजे गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेले खोटे किडे. स्वानंदचा रॉड मोरी-सानांनी वापरून टाकलेला. तरी मेले मासे त्याच्याच मागे! वर घरी विभा दर रविवारी विचारायची, "आज कुठली माशी लावली होतीस?" मला वाटायचं, बायको खिजवतेय. मी खेकसायचो.

स्वानंदने मासा पाण्यातच धरून गळ सोडवला. मी वाकून पाहिलं आणि चपापलो. माशीचं अंग हिरवंनिळं चमकत होतं, शेपटीला लाल लोकर होती. आमच्या बाळकृष्णाची टोपी विभाने याच लोकरीची विणली होती. आणि देव्हाऱ्यातलं त्याचं मोरपीस एप्रिलपासून विरळ दिसत होतं. मला वाटलं होतं, जुनं झालं.

डोक्यात तिडीक गेली. मासे नेले ते नेले, आता माझ्या बायकोच्या हातचंही यालाच?

"ही कुणी दिली तुला?"

"तूच की! मे महिन्यात. 'डबीबरोबर फुकट आल्यात, असल्या गावठी माश्या तुलाच शोभतील,' म्हणालास. सहा होत्या. ही शेवटची." त्याने ती सोडवून माझ्या हातावर ठेवली. "घे, लाव."

मी विभाला फोन लावला. "माझ्या डबीत मोरपिसाच्या माश्या तू ठेवल्या होत्यास?"

"दिसल्या एकदाच्या! व्हिडिओ बघून केल्या. म्हटलं, बघू कधी विचारतोस. चालल्या का रे?"

"चालल्या. सतरा मासे."

"अय्या! तुला?"

खोटं बोलणं सोपं होतं. स्वानंद मुद्दाम पलीकडे बघत होता.

"स्वानंदला. मीच त्याला देऊन टाकल्या. नीट न बघताच."

ती म्हणाली, "असू दे. कुणीतरी वापरल्या ना? स्वानंदभाऊजींना सांग, अजून करून देते."

"अजिबात नाही!" मी एवढ्यांदा ओरडलो की स्वानंद दचकला. "उरलेलं मोरपीस माझं."

ती शेवटची माशी मी पाण्यात टाकलीच नाही. दगडात अडकून तुटली असती तर? डोक्यावरच्या टोपीत टोचली आणि रिकाम्या हाताने घरी निघालो.