राखीव बाई

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, आणि मला उघडणाऱ्या माणसावर माझा चटकन विश्वास बसत नाही. फुलापानांचे शब्द क्वचितच कोणी शोधतं. माणसांच्या स्वभावाचे शब्द मात्र सगळे शोधतात, तेही दार लोटून घेऊन. छापखान्यातून नवाकोरा निघालो तेव्हा वाटलं होतं, आपल्यामुळे लोक एकमेकांना ओळखतील. कसलं काय!

माझी मालकीण शिवणाचं दुकान चालवते. तिची मुलगी शाळेत होती तोवर मला खाकी कव्हर होतं, कौतुक होतं. ती शिकून परगावी गेली आणि मी इस्त्री टेकवायचा पाट झालो. एकदा माझ्यावर खळ सांडली, काही पानं घट्ट चिकटली. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग काजं-बटणं करायला एक बाई आली. हात चोख, तोंडाला कुलूप. घरी आजारी सासू, कमावणारी ही एकटीच. मालकिणीने तिच्या आधीच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, "कामाला एक नंबर. फक्त जरा रिझर्व्ह्ड आहे."

मालकिणीने फोन ठेवला आणि मला ओढलं. पानाच्या तळाशी तो शब्द होता, पुढे एकच अर्थ: राखीव. बाकीचे अर्थ चिकटलेल्या पानामागे राहिले.

"राखीव? कोणासाठी?" तिने समोरच्या शिंप्याच्या दुकानाकडे पाहिलं. "मास्तर, ही त्याचंच माणूस! आपली गिऱ्हाइकं फोडायला आलीय."

"काहीतरीच काय, ताई," कापड कापणारे मास्तर म्हणाले.

"मग बोलत का नाही?"

संशयाचं भूत मानगुटीवर बसलं. बाई पाणी प्यायला उठली तरी मालकिणीची नजर तिच्या मागे. खरं सांगतो, मलाही शंका येऊ लागली. शेवटी मालकीण म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस." बाईने हातातलं काज पुरं केलं आणि पिशवी उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी त्याच पानावर उघडा पडलेल्या माझ्यावर मास्तरांनी वाफेची इस्त्री टेकवली. खळ सुटली. इस्त्री उचलताना पान आपसूक उलटलं, आणि मास्तरांनी मोठ्याने वाचलं, "अबोल. मनातलं चटकन न सांगणारा." मग चष्मा काढून म्हणाले, "ताई, राखीव जागा असते हो. माणूस नव्हे."

मालकीण तशीच चपला सरकवून बाईच्या घरी गेली आणि तिला घेऊन आली.

"अगं, तेव्हाच बोलायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, माझी पानं सोडवा. आणि कोणाच्या स्वभावाला नावं ठेवण्याआधी निदान एक पान उलटून बघा. बाई आता रोज कामावर येते. पण पूर्वी जेवायला जाताना आपली कात्री टेबलावर ठेवून जायची, आता ती पिशवीत घालून सोबत नेते. मालकीण ते पाहते.