पुस्तकातला चटणीचा डबा

मुखपृष्ठावर एक उघडाबंब गडी दातात सुरा धरून उभा आहे. तो दिसला की मला ओकारी येते, कारण पाठीमागच्या बाजूला माझा फोटो आहे. खाली ठळक अक्षरांत छापलंय, 'माजी कमांडो अमरसिंह यांची सत्यावर आधारित थरारक कादंबरी'. ही माझी सहावी. आधीच्या पाच नुसत्या खोट्या होत्या. सहावी नीच आहे.

ज्या मोहिमेवर ही कादंबरी आहे, तिच्यासाठी डोंगरात उतरलो तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांना जुलाब लागले होते. दातात सुरा धरायला सवड कुणाला होती? पण जुलाब विकत कोण घेणार! कोल्हापुरातले माझे प्रकाशक धैर्यशीलराव हस्तलिखित वाचून म्हणाले होते, "साहेब, ह्यात दम न्हाय. एक पळपुटा घाला की आपल्यातलाच. मग बघा कसं खपतंय." आणि पंधरा वर्षं फौजेत काढलेला मी, मान डोलावून कागलला घरी आलो आणि आठ दिवसांत पळपुटा घातला.

त्याचं नाव ठेवलं सूरज. गोळीबार सुरू होताच तो पळत सुटतो. नायक त्याला वाचवायला मागं फिरतो, सूरज मरतो, नायक छाती काढून परत येतो.

खरं म्हणजे पळालो होतो मी. मागं फिरला होता तो प्रसेनजीत, पेठ वडगावचा, माझा जोडीदार. त्यानं मला दगडाआड ढकललं आणि दोन गोळ्या स्वतः झेलल्या. बघायला तिसरं कुणी नव्हतं. अकरा वर्षं मी तोंड मिटून होतो, आणि तोंड उघडलं ते आमची अदलाबदल करायला.

सूरजचं गाव मी शाहूवाडीकडचं केलं. रंग, उंची, बोलणं, सगळं बदललं. तरी तो कागदावर जिवंत होईना. मग त्याच्या हातात चटणीचा डबा दिला. पत्र्याचा डबा, तेल गळू नये म्हणून झाकणाला जुन्या लुगड्याची हिरवी पट्टी गुंडाळलेली. सूरज तो डबा फोडून सगळ्यांच्या पाणचट वरणात चमचा चमचा चटणी घालतो. लगेच जमला की हो माणूस! मला तेव्हा स्वतःच्या लेखणीचं कौतुक वाटलं होतं. थू!

तो डबा प्रसेनजीतच्या आईचा, सरुबाईंचा. दरवर्षी एप्रिलात डंकावरनं चटणी कुटून आणली की पहिला डबा त्या पलटणीत धाडायच्या. लेक गेल्यावर तो डबा माझा झाला. त्याच आठवड्यात विहारात प्रसेनजीतचा स्मृतिदिन असतो. मी वडगावला जायचं, फोटोला हार घालायचा, 'शूर होता' म्हणायचं, डबा घेऊन यायचं. असं अकरा वर्षं चाललं होतं.

यंदा दोन दिवस आधीच गेलो. दार प्रसेनजीतच्या धाकट्या बहिणीनं, दीक्षानं उघडलं. ती शाळेत शिकवते. तिच्या हातात माझं पुस्तक होतं. मी जयभीम म्हणालो, तिनं उत्तर दिलं नाही.

सरुबाई, मी तिला आईच म्हणतो, भिंतीला टेकून बसली होती. डबा शेजारीच होता, पट्टी बांधून तयार.

"बस, अमर. दीक्षानं समदं वाचून दाखिवलं. गोष्टीत डबा आला आन् म्या वळखलं, ह्यो माझाच."

मी शिव्यांची वाट बघत बसलो.

"त्येला लई भ्या वाटलं हुतं व्हय रं?" तिनं विचारलं.

माझी नजर डब्याच्या हिरव्या पट्टीवर गेली.

"तू दरसाली नुसतं शूर हुता, शूर हुता म्हणायचास. मला वाटायचं, ह्यो कायतरी लपिवतोय. आता कळलं. पळाला तर पळाला. माझंच लेकरू हाय त्ये. त्येला भ्या वाटलं तवा मी जवळ न्हवतो, एवढंच मनाला लागलंय."

तिनं माझं खोटं उचलून पदरात घेतलं होतं. पळपुट्या लेकाला तिनं माफसुद्धा करून टाकलं होतं. मला स्वतःची किळस आली.

"आई, पळालो मी," मी म्हणालो. "प्रसेनजीत माझ्यासाठी मागं फिरला. मला ढकललं आणि गोळ्या त्यानं घेतल्या. पुस्तकात मी उलटं लिहिलं."

दीक्षानं पुस्तक माझ्या पायाशी भिरकावलं. आईनं डबा उचलला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला.

"परवा विहारात तू बोलतोस की. वाड्यावस्तीवरची पोरं तुझी पुस्तकं वाचत्यात. आदी तितं सांग. डबा मग देतो."

मी रिकाम्या हातानं निघालो. वाटेत धैर्यशीलरावांचा फोन आला. दुसरी आवृत्ती काढायची होती, आणि सूरजच्या भावावर नवी कादंबरी. "पळपुटा लोकांना लई आवडलाय, साहेब," ते म्हणाले. मी म्हणालो, "पळपुट्याशीच बोलताय तुम्ही. आवृत्ती काढू नका," आणि फोन ठेवला.

स्मृतिदिनाला विहार भरला होता. वंदना झाली. मी फोटोला हार घातला नाही, तो अधिकार माझा नव्हता. पुढच्या रांगेत आई बसली होती, मांडीवर डबा घेऊन. गोळीबारात पळालो होतो तसे पाय त्या दिवशीही दाराकडं ओढत होते. मी माईकची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि सगळं सांगितलं, जुलाबापासून दोन गोळ्यांपर्यंत. शेवटी म्हणालो, पुस्तकातला सूरज मी आहे.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागं कुणीतरी मोठ्यानं शिवी दिली, ती मला बरोबर वाटली.

आई उठली. तिनं आधी हार लेकाच्या फोटोला घातला, मग पट्टीची गाठ चाचपून डबा माझ्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "औंदा तिखाट जरा जास्तीच झालंय. रोज खायाचं."