गुरुवारचा भाग कुणी पाहिला नाही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. एकवीस इंची, मागून फुगलेला. आणि लपवून काय ठेवायचं, मी जळका आहे. दुसऱ्या कुणाचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. या जळकेपणापायी एका मुलीच्या डोळ्यांतलं पाणी मला ओळखता आलं नाही. तेच आज तुम्हाला सांगतो.

माझी पहिली वर्षं शहरातल्या उस्मानपुऱ्यात यमुनाबाईंच्या दिवाणखान्यात गेली. माझ्यावर भरतकामाचं आच्छादन असे. क्रिकेटच्या दिवशी अर्धी गल्ली दाराशी चपला काढून माझ्यापुढे बसे. मग त्यांचा मुलगा मंदार नोकरीला लागला आणि भिंतीवर टांगायचा चपटा टीव्ही घेऊन आला. "अगंबाई, किती जागा वाचली!" यमुनाबाई म्हणाल्या. म्हणजे इतकी वर्षं मी नुसती जागा अडवून बसलो होतो! आठवडाभरात त्यांनी मला धुणंभांडी करणाऱ्या म्हाळसाबाईंना देऊन टाकलं.

म्हाळसाबाई मूळच्या लासूर स्टेशनकडच्या. घरची मेंढरं होती. पावसाने दोन वर्षं पाठ फिरवली तेव्हा मेंढरं विकून त्या, त्यांचे मालक सूर्यभान आणि मुलगी सुकेशनी असे तिघं शहरात आले. शहर चहूकडे वाढत होतं. एका नव्या इमारतीवर सूर्यभान वॉचमन झाले. मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावरची एक खोली, तेच त्यांचं घर. मी तिथे पोचलो तेव्हा म्हाळसाबाईंनी मला हळदकुंकू लावलं. खोटं कशाला बोलू, चपट्याला असं कुणी कधी केलं नसेल, या विचारानेच मला फार बरं वाटलं.

पण माझं सुख कुणाला बघवलं नाही. दुष्काळ वाढला, नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येऊ लागलं, आणि सूर्यभान एक निळा प्लास्टिकचा ड्रम घेऊन आले. तो ठेवला कुठे? माझ्या जागेवर! मला दाराजवळून उचलून पत्र्याच्या पेटीवर बसवलं. येणारा-जाणारा त्याचं झाकण उचलून आत डोकावायचा. "किती हाय?" "अर्धा हाय." आता तुम्हीच सांगा, ड्रम काय बातम्या सांगतो की गाणी म्हणतो? पण सगळा मान त्या ठोंब्याला.

माझ्या हातात एकच हुकमाचं पान होतं. रोज संध्याकाळी आठ वाजता माझ्यावर एक मालिका लागायची. तिच्यातल्या मनस्विनीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध हिमांशू नावाच्या श्रीमंत मुलाशी लावून दिलं होतं. म्हाळसाबाई भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून माझ्यापुढे बसायच्या. मालिकावाल्यांची एक रीत होती. सोमवारी कुरबुर, गुरुवारी रडारड, आणि शनिवारी सगळं गोडगोड. शनिवारी हिमांशू गजरा आणायचा आणि मनस्विनी हसायची.

आणि आमच्या गल्लीत पाणी यायचं गुरुवारी, साडेसात ते साडेआठ! त्या वेळी म्हाळसाबाई खाली नळाशी पाइप धरून उभ्या. सुकेशनी बादल्या वर आणायची आणि ड्रममध्ये ओतायची. जाताना म्हाळसाबाई मला चालूच ठेवत. "राहू दे, आवाज येतोय खाली." डोंबलाचा येतोय! बायकांच्या भांडणात माझं काय ऐकू जाणार? मनस्विनी ऊर फुटेस्तोवर रडायची, आणि ऐकायला फक्त तो निळा ठोंब्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा लागे, तेव्हा म्हाळसाबाई यमुनाबाईंकडे भांड्यांपाशी.

म्हणजे त्यांनी मनस्विनीला रडताना कधी पाहिलंच नाही.

सुकेशनी मात्र दर बादलीला एक वाक्य ऐकायची. बादली रिकामी झाली तरी माझ्यासमोर उभी राहायची. तिचे गाल ओले दिसायचे. मला वाटायचं, पाणी उडालं असेल. एवढं पाणी त्या ड्रमला, थोडं हिच्या अंगावर उडणारच! तेवढ्यात खालून हाक यायची, "ए सुके, बादली आण लवकर! मेली का काय वर?"

सुकेशनी तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्याच उन्हाळ्यात तिला स्थळ आलं. अजिंठ्याकडचा राम. घरची पाण्याची विहीर आणि स्वतःचे दोन टँकर. दुष्काळात टँकरवाला म्हणजे राजाच की हो! त्याने दोनदा आमच्या दारात टँकर थांबवून ड्रम काठोकाठ भरून दिला, फुकट. सूर्यभान हरखून गेले. रविवारी साखरपुडा ठरला. राम म्हणाला होता, लग्नानंतर शिक्षण बंद, आमच्या घरच्या बाया कामाला जात नाहीत.

"आई, मला नाय करायचं," सुकेशनी म्हणाली. "माझं एकच वर्ष राह्यलंय."

म्हाळसाबाईंनी चक्क माझ्याकडे बोट केलं. "ती मनस्विनी बी असंच म्हनत होती. आता बघ, कशी हासती! लगीन झालं की समदं गोड लागतं. पान्याचं घर हाय, येडे. जलमभर बादली उचलायची नाय."

मित्रांनो, त्या क्षणी मी फुगलो. साक्षीदार म्हणून माझं नाव घेतलं, ड्रमचं नाही! खरं तर मला सगळं माहीत होतं. गुरुवारचे सगळे भाग माझ्याच पोटातून गेले होते. पण मला तोंड कुठे आहे?

साखरपुड्याच्या आधीचा गुरुवार आला. साडेसात वाजले, पावणेआठ झाले, नळ कोरडाच. नव्या रस्त्याच्या खोदकामात कुठेतरी पाइप फुटला होता. गल्लीभर हंडे-कळशांची रांग तशीच राहिली. म्हाळसाबाई वर आल्या, "मुडदा बशिवला या नळाचा," म्हणाल्या आणि पहिल्यांदाच गुरुवारी माझ्यापुढे बसल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ड्रम तळाला गेला होता आणि सगळी खोली माझी होती.

त्या दिवशी मनस्विनीची आई तिला भेटायला आली होती. मनस्विनी म्हणाली, "तू आलीस की मी हसते, आई, तुला बरं वाटावं म्हणून. लग्नाआधी मला कुणी विचारलंच नाही." आणि ती खाली बसून रडू लागली.

म्हाळसाबाई दचकल्या. "अगं, ही तर शनिवारी हासत होती!"

स्टोव्हपाशी बसलेली सुकेशनी वळलीसुद्धा नाही. "दर गुरुवारी रडती ती, आई. तू नळावर असती."

म्हाळसाबाई उठल्या आणि त्यांनी माझा आवाज बंद केला. मला रागच आला. इतक्या दिवसांनी माझा मान, आणि आवाज बंद?

"तू बी रडती का गं?" त्यांनी विचारलं.

"रडती ना. बादली वतायच्या आवाजात तुला कुठं ऐकू येनार?"

तेव्हा मला कळलं की ते उडालेलं पाणी नव्हतं. मी त्या ड्रमवर इतका जळत होतो की समोर उभी असलेली मुलगी मला दिसलीच नाही. त्या मठ्ठ ड्रमला ते आधीपासून माहीत असणार. थोडं त्याच्यातच पडलं होतं.

सूर्यभान ड्युटीवरून आले तेव्हा म्हाळसाबाई दारातच उभ्या होत्या. "रविवारचं ऱ्हाऊ द्या. पोरगी नाय म्हनती."

"तोंड काय दाखवू त्यांना? दोनदा टँकर रिकामा केला त्यांनी आपल्या दारात!"

"दोन डरम पानी हाय ते. त्याच्यात पोरगी बुडवायची का? म्या येते संगं, म्या बोलते."

आणि त्या खरंच गेल्या. राम कडाडला, टँकर बंद झाला. पुढचे दोन महिने मायलेकी यमुनाबाईंच्या बोअरवरून डोक्यावर हंडे आणत राहिल्या. सुकेशनीच्या डोक्याला हंड्याखालच्या चुंबळीचा चट्टा पडला, पण परीक्षा तिने दिली.

आता ती नर्स आहे. पहिल्या पगारात तिने काय आणलं असेल? चपटा टीव्ही! जळफळाट झाला माझा. मी गॅलरीत आलो. शेजारी ड्रमही आला. तो चिरला म्हणून अर्धा कापून त्यात कढीपत्ता लावलाय. त्याला अजून रोज पाणी मिळतं, मला नाही. चालायचंच.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, फडक्याने पुसा, असं मीही सांगितलं असतं. पण मला नाही पुसलं तरी चालेल. तुमच्या घरात कुणी रिकामी बादली घेऊन उगाच उभं राहिलं, तर आवाज बंद करा आणि तिला विचारा.

आणि त्या मालिकेचं शेवटी काय झालं ते राहिलंच. मी अजून खोलीतच होतो तेव्हा शेवटचा भाग लागला, आणि मनस्विनी हिमांशूच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप खूप हसली. सनई वाजली, फुलं पडली. म्हाळसाबाईंनी हाताचं पीठ झटकलं आणि विचारलं, "सुके, आज वार कोन्ता?"

"शनिवार."

"मंग बंद कर त्याला," त्या म्हणाल्या.