रस्त्याचा पडदा

चंद्राबाई डिचोलकर पद जितकं लांबवत, तितका पडद्यामागचा राजवाडा वाढत असे. नाटक कंपनीत कुणालाच याचं नवल वाटत नसे.

रस्त्याचं चित्र काढलेला पडदा पुढे सोडायचा, त्याच्यापुढे चंद्राबाईंनी दासीच्या वेषात फुलांची परडी घेऊन गायचं आणि तोवर मागे दरबार मांडून घ्यायचा, अशी रीत होती. पद संपलं की शिट्टी, शिट्टी झाली की पडदा वर. पण प्रेक्षक बाईंना सोडत नसत. वन्स मोअर आला की मागे खांब वाढत, खांबांना सज्जे फुटत, सज्ज्यांतून जिने निघत. मग राजवाड्याला जागा पुरेना आणि पडदा पुढे सरके. मिरजेला बाईंना गाता गाता चार पावलं टाकता आली. सोलापूरला त्या जागच्या जागी उभ्या राहून गायल्या. हुबळीला पोचेपर्यंत परडी धरण्यापुरतीही जागा उरली नाही, ती विंगेत ठेवावी लागली.

"मालक, उभं कुठे राहू?" त्यांनी विचारलं.

मालक नानासाहेब स्वतः राजाचं काम करत. मिशा चिकटवता चिकटवता ते आरशाकडे बघूनच म्हणाले, "विंगेतून गा. हवं तेवढं गा, वाढू दे राजवाडा. आवाज काय, कुठूनही येतो."

"आणि लुगडं कुणासाठी नेसू? विंगेतल्या दोरखंडांसाठी?"

"लोक हल्ली राजवाडा बघायला येतात, बाई. आजचा दिवस पुढे गा. उद्यापासून विंग."

चंद्राबाई लुगडं सावरून निघाल्या. पाठ पडद्याला घासत, आडव्या सरकत त्या रंगमंचाच्या मध्यावर आल्या. टाचा फळीवर होत्या, बोटं खालच्या दिव्यांवर अधांतरी. तळव्यांना धग लागत होती.

"बाई, पडाल," खाली बसलेले पेटीवाले कृष्णराव पुटपुटले.

"पडले तर तुमच्या पेटीवरच पडेन. सूर द्या."

पुढच्या रांगा हसल्या. बाईंनी पद सुरू केलं. पहिला वन्स मोअर आला, दुसरा आला. तिसऱ्यानंतर बाईंनी पद संपूच दिलं नाही. शेवटच्या ओळीवरून त्या थेट पहिल्या ओळीवर येत. पद चालू असताना शिट्टी वाजवता येत नाही. मागे खांब करकरू लागले. पण पुढे बाईंची पाठ होती. राजवाड्याला पुढे येता येईना, म्हणून तो आतल्या आत वाढू लागला.

"बाई, पुरे आता," नानासाहेब त्यांच्या मानेजवळ पडद्याआडून म्हणाले.

बाईंनी तान घेतली.

"बाई, मी सिंहासनावरून उठलो, ते आता सापडत नाही." हा आवाज एक दालन सोडून आला.

बाईंनी दुसरी तान घेतली.

"अहो, इथे नुसते जिनेच आहेत! शिट्टी कुणाकडे आहे?" हा फार वरून आला. त्यानंतर आलं ते इतक्या लांबून, की त्यातला फक्त 'बाई' हा शब्द कळला.

कृष्णरावांनी पेटी थांबवली नाही, पण त्यांचा चेहरा उतरला. "बाई, मालक आत हरवले. संपवा पद. पडदा उचलू, त्यांना बाहेर काढू."

"पडदा उचलला की मी कुठे, कृष्णराव?" बाईंनी दोन ओळींमधल्या श्वासात विचारलं.

 कृष्णरावांचे पाय पेटीचा भाता मारत राहिले.

"मला इथून काढायला मालकांना यावं लागेल," बाई म्हणाल्या, "आणि तेही समोरून, प्रेक्षकांतून. सूर चढवा."

कृष्णरावांनी सूर चढवला. प्रेक्षक उभे राहिले आणि खुर्च्यांवर चढून वन्स मोअर ओरडू लागले. पडदा शिडासारखा फुगला. त्यावरची दुकानं, ओटे, विहीर सगळं बाईंच्या पाठीला येऊन भिडलं. त्यांची एक टाच फळीवरून सुटली.

चंद्राबाईंनी पाठ ताठ केली. दुसऱ्या टाचेवर सगळा राजवाडा तोलून धरला आणि पदाची पहिली ओळ पुन्हा उचलली.