दोन निळे खडे

नांदेडच्या दिलशादआपाकडे चांदीत खडे बसवायला शिकलेल्या मुली पुष्कळ होत्या, पण हात बसला तो चाकूरच्या मंजुश्रीचा. लग्न होऊन ती लातूरला गेली, तिथं तिनं दुकान टाकलं, आणि लातूरकडून आपाकडे येणारी गिऱ्हाइकं हळूहळू आटली. आपा कुणापाशी काही बोलली नाही. मंजूचा फोन आला, की मात्र कामात असल्याचं सांगून ठेवून द्यायची.

अशात लातूरच्या मल्लिकार्जुनआप्पांचा निरोप आला. त्यांच्या लेकीचं, अक्षराचं लग्न ठरलं होतं. अंगठीत तिला निळाच खडा हवा होता. पण नीलम म्हणजे शनीचा खडा, तो घरात आणायला आप्पा तयार नव्हते. दुसरं काही निळं असेल तर घेऊन या, म्हणाले.

आपा सकाळच्या एसटीनं निघाली. पोचली तर व्हरांड्यात मंजुश्री आधीच बसलेली. "या आपा," म्हणत ती पिशवी घ्यायला पुढं आली. आपानं पिशवी सोडली नाही.

आपानं आपला आयोलाइट नावाचा खडा काढला. जांभळट निळा, शांत रंगाचा. अक्षरानं तो हातात घेऊन सहज फिरवला आणि थबकली. "हे काय? या बाजूनं तर पाण्यासारखा दिसतोय. जरा पिवळसरच."

"त्याची जातच तशी हाय, बेटा. निळी बाजू वर घेऊन बसवायचा, मग बघ."

अक्षरानं मान हलवली, पण नजर मंजूच्या डबीकडे गेली होती. डबीत कायनाइट होता. लांबट, मोराच्या मानेसारखा निळा. अक्षरा त्याच्याकडे बघतच राहिली. आप्पांनीही चष्मा पुसून पुन्हा लावला.

आपाच्या अंगाचा तिळपापड झाला. असा खडा हिला मिळाला कुठून? आणि आपल्याला का नाही?

"सुई आहे का घरात?" तिनं विचारलं.

अक्षरानं सुई आणून दिली. आपानं आधी आपल्या आयोलाइटवर ओढली. काही उमटलं नाही. मग कायनाइटवर आडवी ओढली. तिथंही काही नाही. मग, सगळं ठाऊक असून, त्याच खड्यावर लांबीच्या दिशेनं दाबून ओढली. पांढरी बारीक रेघ उठली.

"बघा आप्पा," आपा म्हणाली. "दिसायला लई देखणा, पण उभा ओरखडतो. धक्का लागला तर चिरतो बी. पोरगी भांडी घासणार, दळण करणार. बोटात कसा टिकावा?"

मंजुश्रीनं खडा उचलून उजेडात धरला. तिचा चेहरा उतरला होता.

"आपा, अंगठीसाठी नव्हताच तो," ती हळूच म्हणाली. "पेंडंटसाठी आणलाय. गळ्यात धक्का लागत न्हाई. अंगठीला कडक खडा पाहिजे, तो दिलशादआपाकडूनच घ्या, असं मीच सांगितलं होतं आप्पांना."

आप्पांनी मान डोलावली. "हाव. तिनंच तुमचा नंबर दिला."

आपाच्या हातातली सुई तशीच राहिली. मग ती म्हणाली, "दे इकडं. रेघ मी घालवून देते."

"राहू द्या. मी घालवते. तुम्हीच तर शिकवलंय."

हे मंजू रागानं म्हणाली असती, तर आपाला सोपं गेलं असतं.

अंगठीचं काम आपालाच मिळालं. आयोलाइटची निळी बाजू नेमकी वर आणायला तिनं खड्याचं कोंदण दोनदा मोडून पुन्हा घडवलं. इतकं मन लावून तिनं कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं. पण काम करताना सारखा मंजूचाच चेहरा समोर येई आणि हात जड होई. नोकरी लागावी म्हणून कुणी शिफारशीची चिठ्ठी द्यावी, तशी ही अंगठी आपल्याला मिळाली, असं तिला वाटत राहिलं.

लग्नाला ती गेली नाही. गुडघे दुखतात, म्हणाली.

आठवड्यानं अक्षराचा फोन आला. "अंगठी फार सुंदर झालीय आपा. सासूबाईंनाही तश्शीच हवीय."

"अच्छा." मग आपाच्यानं राहवलं नाही. "अन् पेंडंट?"

"विचारूच नका! सगळ्या बायका तेच हातात घेऊन बघत होत्या."

"छानच असणार," आपा म्हणाली. फोन ठेवला आणि दुकानाचं शटर भर दुपारी खाली ओढलं.